चेसीवाल्याच्या डोक्यावर छप्पर का नाही?

दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचं डिझेल आणि समोर हजार किलोमीटरचा रस्ता! मित्रांनो, ऐकायला कसलं भारी वाटतं ना? अमेरिकेत या प्रकाराला 'ड्राइव्हअवे' म्हणतात. एखादं कुटुंब न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला राहायला निघालं की ते विमानानं जातं आणि त्यांची कार कोणीतरी अनोळखी पोरगा अनामत रक्कम भरून, ठरलेल्या दिवसांत तिकडे पोचवतो. गाडी पोचते आणि पोराचा फुकटात देश बघून होतो. १९७१ सालच्या 'व्हॅनिशिंग पॉइंट' या पिक्चरचा नायक असाच एक पांढरी डॉज चॅलेंजर डेन्व्हरहून सॅन फ्रान्सिस्कोला पोचवायला निघतो. हॉस्टेलवर असा पिक्चर लागला की शिट्ट्या ठरलेल्या!

हाच धंदा आपल्याकडेही चालतो. फक्त त्यावर पिक्चर निघत नाही, एवढंच.

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या किंवा अहमदपूरच्या आसपास, ओळीनं चाललेले लोखंडी सांगाडे तुम्ही कधीतरी बघितले असतील. पुढं इंजिन आणि स्टिअरिंग, मागं दोन लांब पट्ट्या, खाली चाकं. ना दार, ना छप्पर. बऱ्याचदा समोर काचसुद्धा नाही. बांधलेल्या फळीवर किंवा खोक्यावर बसलेला, तोंडाला गमछा आणि डोळ्यांना गॉगल लावलेला एक माणूस. आपण त्याला 'चेसीवाला' म्हणतो. गाडीवर लाल पाटी आणि पांढरी अक्षरं असली तर समजायचं, ती अजून कोणाच्याच नावावर नाही, ट्रेड सर्टिफिकेटवर चाललीय. हा माणूस कारखान्यातून डीलरकडे किंवा बॉडी बांधणाऱ्याकडे गाडी पोचवतो. गाडी दिली की खांद्याला पिशवी लावून मिळेल त्या वाहनानं परत.

आणि याचा आपल्याशी काय संबंध, असं विचारू नका. ज्या लाल एसटीत बसून आपण दिवाळीला गावाकडं जातो, तीसुद्धा अशीच उघडी चेसी होती. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं चेसीवर बॉडी चढत आली. ती चेसी अशोक लेलँडच्या होसूरहून निघाली असेल, तर चिकलठाण्यापर्यंतचा रस्ता हजार किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे आपल्याला खिडकीची जागा मिळण्याआधी कोणीतरी तीच गाडी बिनाखिडकीची आणलेली असते.

नवीन कार ट्रेलरवर चढून थाटात येते, कारण मीटरवर शंभर किलोमीटर जास्त दिसले तरी गिऱ्हाईक भांडतं. ट्रकच्या मीटरकडं असं कोणी बघत नाही, आणि एका ट्रेलरवर चेसी मावणार किती? त्यापेक्षा ती चालवत नेलेली स्वस्त. हिशोब बरोबर आहे. पण त्यात एक आकडा धरलेलाच नाही, तो म्हणजे चालवणारा माणूस. मे महिन्यात मराठवाड्याचं ऊन काय असतं, ते आपल्याला सांगायला नको. अहमदपूरच्या अलीकडं एका धाब्यावर झारखंडचा एक चेसीवाला भेटला होता. तो हसत म्हणाला, "इंजन की गर्मी आगे से, धूप ऊपर से, बीच में हम." ठरलेलं डिझेल आणि ठरलेली रक्कम मिळते, परतीचं भाडं त्यातूनच, असं त्याचं गणित होतं. अशा गणितात माणूस झोप वाचवतो, दुसरं काय वाचवणार?

मग हा माणूस कोणाचा? कंपनीचा, ठेकेदाराचा की डीलरचा? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातून गाड्या पोचवणाऱ्या सुमारे ९०० कॉन्व्हॉय ड्रायव्हरांच्या संघटनेनं १९८६ साली कायम नोकरीची मागणी केली. ते कंपनीचे कामगारच नाहीत, असं म्हणून बिहार सरकारनं त्यांचा वाद लवादाकडं पाठवायलाच नकार दिला. १९८९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हे कामगार आहेत की नाहीत हाच तर वाद आहे, त्याचा निकाल सरकारनं परस्पर लावायचा नाही, तो लवादाकडं पाठवा. म्हणजे तीन वर्षं भांडून मिळालं काय, तर प्रश्न विचारायचा हक्क!

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण मालक कोण हेच ठरत नसेल, तर तास मोजणार कोण? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. निर्णय चांगलाच आहे. पण ज्या गाडीला केबिनच नाही, तिच्यावर बसलेल्याला एसीचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, आता बरेच ट्रक कारखान्यातूनच केबिन घेऊन निघतात, थोडे दिवस थांबा. खरंय, फरक पडलाय. पण बसच्या चेसी अजून उघड्याच धावतात. आणि "थोडे दिवस" हे उत्तर पावसात भिजणाऱ्याला देता येत नाही. कोणी म्हणेल, खर्च वाढेल. अहो, लाखोंच्या गाडीला एक सीट, एक बेल्ट, समोर काच आणि पाइपवर ताडपत्री, याचा खर्च असा किती? शिवाय डीलरनं ते सामान काढून परत पाठवलं, तर तेच पुन्हा पुढच्या गाडीला लागेल.

मला वाटतं, इथं खरी चूक आपल्या विचारात आहे. आपण ड्रॉइंगच्या शीटवर चेसी काढतो. लॅडर फ्रेम, क्रॉस मेंबर, बेंडिंग मोमेंट, सगळं व्हायव्हाला घडाघडा सांगतो. त्यात ड्रायव्हरची जागा कुठं असते? चेसी हा 'अर्धवट माल' आहे असं आपण शिकतो. पण रस्त्यावर आली की ती पूर्ण गाडी असते. ब्रेक पूर्ण, वेग पूर्ण आणि अपघातही पूर्ण. मग सुरक्षितता तेवढी अर्धवट का?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सीट, बेल्ट, काच आणि छप्पर याशिवाय एकही चेसी कारखान्याच्या गेटबाहेर पडू नये. परतीचं भाडं वेगळं मिळावं. आणि ती कोणाच्या जबाबदारीवर निघाली, हे गाडीच्या कागदावर लिहिलेलं असावं.

फायनल इयरच्या दोस्तांनो, प्रोजेक्टचा विषय सापडत नाही म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जुने रिपोर्ट चाळत बसता ना? हा घ्या विषय. फ्रेमच्या फ्लँजला एकही नवं भोक न पाडता, आहे त्याच भोकांत नटबोल्टनं बसेल, दोन माणसांना अर्ध्या तासात काढता येईल आणि घडी घालून परत पाठवता येईल असं तात्पुरतं केबिन करून दाखवा. आपल्यातले निम्मे तरी उद्या पिंपरी-चाकणला नोकरीला जाणार आहेत. तिथं गेटमधून चेसी बाहेर पडताना दिसली, की तिच्यावरच्या माणसाकडं बघा आणि आपल्या साहेबांना एवढंच विचारा: "सर, हा डिझाइनमध्ये कुठं आहे?"