टप्प्यावरचे गाव

टपाल हा शब्द आपण रोज वापरतो. पण तो टप्प्यावरून आला असे मानतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. एका दमात माणूस जेवढी वाट तुडवील तेवढा एक टप्पा. तिथे पत्रांची थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जायची. आणि जिथे थैली बदलते, बैलांचे जू उतरते, तिथे आधी पाणपोई, मग धर्मशाळा, मग वाण्याचे दुकान आणि लोहाराचा भाता, असे करीत करीत गाव जमते. असे गाव पिकावर जगत नाही, थांबणाऱ्यांवर जगते.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले राजापूर हे अशा गावांचे थोरले भावंड. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमापाशी ते वसले आहे. एके काळी जैतापूरच्या खाडीतून गलबते इथवर माल आणीत आणि अणस्कुऱ्याच्या फरसबंदी वाटेने घाटावरचे बैलांचे तांडे खाली उतरत. इंग्रजांची वखार इथे होती. त्यांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे शाळेतला पोरगाही सांगेल. पण तो तांडा रात्री कुणाच्या ओटीवर टेकत असे, बैल कुठे बांधीत, भाकऱ्या कोण भाजून देई, हे काही धड्यात येत नाही.

जपानी लोकांनी नेमके हेच चितारून ठेवले आहे. एदो, म्हणजे आजचे टोकियो, तिथून क्योटोपर्यंत जाणाऱ्या तोकाइदो या समुद्रकाठच्या रस्त्यावर १६०१ साली तोकुगावा इएयासूने टप्पे नेमले. पुढे त्यांची संख्या ५३ झाली. सरदारांना उतरायला वेगळा वाडा, सामान्यांना खाणावळवजा घरे, आणि निरोप्यांसाठी सदैव तयार हमाल व घोडी असा बंदोबस्त. १८३३-३४ च्या सुमारास हिरोशिगे नावाच्या चित्रकाराने या वाटेची चित्रमाला काढली. ५३ मुक्काम आणि दोन टोके मिळून ५५ चित्रे. चित्रकाराने रेखाटायचे, कोरक्याने चेरीच्या लाकडावर ठसे कोरायचे, प्रत्येक रंगाला निराळा ठसा, छपाईवाल्याने ते कागदावर घासून उठवायचे, आणि पैसा घालायचा प्रकाशकाने. वाडगाभर शेवयांच्या किमतीत असे एक चित्र मिळे म्हणतात. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची चैन नव्हे. कारकून आणि दुकानदार भिंतीला लावायला विकत घेत.

यातले मला सर्वांत आवडते ते मारिको गावचे. तोकाइदोवरच्या अगदी लहान मुक्कामांपैकी हा एक. चित्रात ना देऊळ, ना किल्ला. गवताने शाकारलेली एक चहाची टपरी, बाकावर दोन वाटसरू, एकाचे तोंड वाडग्यात. पाठीला पोर बांधलेली बाई वाढते आहे. दारात आलुबुखाराच्या जातीचे झाड फुललेले. एक माणूस पाठमोरा पुढच्या गावाच्या वाटेला लागला आहे. बस्स! वाडग्यात आहे ते रानकंद किसून केलेले चिकट कालवण, बार्लीच्या भातावर ओतून खायचे. हा कंद आपल्या करांद्या-कोनफळांचाच भाऊबंद. इक्कू नावाच्या विनोदी लेखकाने १८०२ पासून हप्त्याहप्त्याने लिहिलेल्या प्रवासकथेत इथल्याच टपरीत नवराबायकोचे भांडण जुंपते, कालवण जमिनीवर सांडते आणि सगळे एकामागून एक घसरून पडतात. चित्रातले ते दोघे वाटसरू त्याच कथेतले मानले जातात.

शोनो गावचे चित्र तर कोकणच्या माणसाला कुणी समजावून द्यायला नको. अचानक आलेली तिरपी सर, वाऱ्याने लवलेली बांबूची बेटे, पालखी घेऊन चढ चढणारे भोई आणि छत्री सावरीत उताराला धावणारा एक जण. इरले तेवढे घातले की हा आमचा आषाढ.

या चित्रांत एक गोष्ट मात्र दिसत नाही. टप्प्यावरची माणसे आणि घोडी कमी पडली की आसपासच्या खेड्यांना ती पुरवावी लागत. पेरणी असो की कापणी. आपल्याकडे याला वेठबिगार म्हणत. १७६४-६५ साली दुसऱ्या एका डोंगरी हमरस्त्यालगतचे हजारो शेतकरी याच जाचाविरुद्ध उठले होते. हिरोशिगेचे हमाल मात्र बहुधा मजेत दिसतात. चित्र विकायचे होते ना!

मग आपल्याकडे असे का झाले नाही? छापखाने नव्हते असे नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मौज पाहा, बोरघाटातून पुण्याला जाणारी वहिवाटीची वाट त्याच्या जवळून जात होती. दगडावरून छापल्या जात होत्या त्या लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला. गिऱ्हाइकाला देव्हाऱ्याच्या वर टांगायला चित्र हवे होते. घाटाखालच्या भाकरीचे चित्र कोण टांगणार?

नुकसान काय झाले ते मारिकोवरून कळते. १८८९ साली टोकियोपासून कोबेपर्यंत सलग आगगाडी झाली आणि टप्प्यांची गावे ओस पडू लागली. मारिको आता शिझुओका शहरात सामावले आहे. तिथे १५९६ पासूनची म्हणवणारी त्याच कालवणाची एक खाणावळ अजून चालते. तिच्या मालकाने १९७० च्या सुमारास दुसरीकडचे एक जुने शाकारलेले घर आणून तिथे उभे केले. कशासाठी? दुकान हिरोशिगेच्या चित्रातल्यासारखे दिसावे म्हणून! घर गेले होते, चित्र होते. चित्रावरून घर परत आले.

राजापूरला ही सोय नाही. खाडी गाळाने भरली, गलबते थांबली. रेल्वे आली ती गावापासून बरीच दूर. पावसाळ्यात अर्जुनेचे पाणी बाजारपेठेत शिरते, आणि दर पुरानंतर एखादे लाकडी खांबांचे, पुढे पडवी काढलेले घर उतरवून तिथे स्लॅब पडतो. राहणाऱ्याला कोरडी खोली हवी. त्याला दोष कसा द्यावा? महामार्ग रुंद करताना वाटेवरचे वड गेले ते निराळेच. यातले काही उद्या कुणाला पुन्हा उभारावेसे वाटले, तर त्याने काय पाहून उभारावे?

एक जागा आहे. मुंबई-पुण्यातल्या कोकणी घरांत ट्रंकेच्या तळाशी लग्नामुंजीचे फोटो असतात. नवरदेवाच्या मुंडावळ्यांमागे चुकून ओटीचा कठडा आलेला असतो, वरातीच्या बाजूला दुकानाची फळी, पाटी, एखादी बैलगाडी. फराळाला सारे जमलेच आहेत, तर हे फोटो वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. नवरा कोण हे विचारूच नका, ते सगळ्यांना ठाऊक असते. मागचे घर कुणाचे ते विचारा. आणि उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा, हलक्या हाताने. शाई पलीकडे उमटते.