चढवलेली बॅटरी उतरवणार कोण?

जूनमधला रविवार. शहराबाहेरच्या आमच्या मातीच्या ट्रॅकवर मी सकाळी सातलाच हजर. सोबत वन-टेन स्केलची बग्गी आणि चार बॅटरी पॅक, चारही आदल्या रात्री फुल्ल चार्ज केलेले. पहिली हीट सुरू व्हायच्या आतच असा पाऊस कोसळला की ट्रॅकची भातखाचरं झाली. रेस रद्द. आम्ही वडापाव खाल्ले, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवली आणि घरी गेलो. पॅक बॅगेत, बॅग कपाटात आणि मी सबमिशनमध्ये.

पाच आठवड्यांनी बग्गी काढली, तर पहिला पॅक चॅसिसच्या खाचेत बसेचना. कडक प्लास्टिकची केस शिवण उसवल्यासारखी कडेने उघडली होती. दुसऱ्या पॅकचंही पोट सुटलेलं. आईने विचारलं, "फुगलंय म्हणजे काय गं?" म्हटलं, "आत गॅस धरलाय." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "आणि हे पाच आठवडे माझ्या साड्यांखाली होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

तुम्ही आरसी गाड्या पळवत असाल, ड्रोन उडवत असाल किंवा कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबमध्ये असाल, तर हा प्रश्न तुमचाही आहे. कारण आपण सगळे एकच चूक करतो. चार्जर घेताना दुकानदाराला विचारतो, "किती अँपिअरने चार्ज होतं?" बॅटरी चढवायची किती घाई! ती उतरवायची कशाने, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं साधं आहे. तिसरा-चौथा पॅक घ्यायच्या आधी, जास्त टर्न्सची की कमी टर्न्सची मोटर यावर भांडायच्या आधी, बॅटरी उतरवायची सोय करा.

मी पत्रकारिता शिकते, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पण यातलं गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

आपले रेसिंगचे लायपो पॅक बहुतेक टू-एस, म्हणजे दोन सेलचे असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, म्हणजे पॅक ८.४० व्होल्ट. ३.० व्होल्टच्या खाली गेला की सेलचं नुकसान सुरू. आणि नुसता ठेवून द्यायचा असेल तर प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर, साधारण अर्धा भरलेला हवा. पूर्ण भरलेल्या सेलच्या आत रसायनांची कुरबुर चालूच राहते, उकाड्यात ती आणखी वाढते आणि हळूहळू गॅस धरतो. एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे गेले की माझ्यासारखं होतं. आणि फुगलेला पॅक फक्त कामातून जात नाही, तो पेटूही शकतो.

"अगं, पण माझ्या चार्जरमध्ये स्टोरेज मोड आहे ना!" हे मला ट्रॅकवर किमान पाच जणांनी ऐकवलं. माझ्याही चार्जरमध्ये आहे. आता घरी जाऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचा. चार्जिंगचे वॉट मोठ्या अक्षरात असतात, डिस्चार्जचे कोपऱ्यात. साध्या चार्जरला तिथे अनेकदा ५ किंवा १० वॉट असतात.

गणित मांडा. ५००० एमएएचचा टू-एस पॅक म्हणजे ३७ वॉट-तास ऊर्जा. फुल्लवरून स्टोरेजला आणायचा तर साधारण निम्मी, म्हणजे २० वॉट-तासांच्या आसपास बाहेर काढावी लागते. ५ वॉटचा चार्जर त्याला चार तास घेणार. पॅक चार असतील तर सोळा तास! संध्याकाळी सहाला बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उठणार, आणि तोवर पॅक सोडून झोपायला जायचं नाही. कोण करणार हे? मी केलं नाही, तुम्हीही करणार नाही. सोय इतकी गैरसोयीची असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

गंमत म्हणजे, आपल्या आधीच्या पिढीतले रेसर बॅटरी उतरवण्यात पटाईत होते. आमच्या ट्रॅकवर एक काका येतात, त्यांच्या पेटीत अजून बल्बांची रांग लावलेली एक जुनी पट्टी आहे. तेव्हा पॅक निकेल-कॅडमियमचे, नंतर निकेल-मेटल हायड्राइडचे. १.२ व्होल्टचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्ट. रेस झाली की प्रत्येक सेल ०.९ व्होल्टपर्यंत उतरवायचा आणि सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. एखादा सेल आधी संपला आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलत राहिले, तर तो उलटा व्हायचा आणि मरायचा. म्हणून सेलगणिक वेगळा बल्ब किंवा रेझिस्टर. तेव्हा बॅटरी उतरवायची ती गाडी जोरात पळावी म्हणून.

लायपो आल्या आणि "आता उतरवायची भानगड नाही" असं सगळ्यांनी धरून चाललं. भानगड संपली नव्हती, कारण बदललं होतं. आता उतरवायची ती वेगासाठी नाही, घरासाठी.

आणि म्हणूनच काकांची जुनी यंत्रं मागून आणू नका. सहा सेलच्या निकेल पॅकसाठी केलेला डिस्चार्जर सहा गुणिले ०.९, म्हणजे ५.४ व्होल्टला थांबतो. त्याला टू-एस लायपो लावलीत तर एकेक सेल २.७ व्होल्टपर्यंत जाईल. यंत्र म्हणेल काम झालं, आणि काम खरंच झालेलं असेल. पॅकचं!

मग घ्यायचं काय? पैसे बेताचे असतात, मलाही स्टायपेंड किती मिळतो ते विचारू नका. म्हणून स्वस्तापासून सुरू करू.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाडी पळवा. रेस रद्द झाली तरी पार्किंगच्या कोपऱ्यात पाच-सात मिनिटं मजेत चालवा आणि व्होल्टेज बघून थांबा. चाकं हवेत धरून मोटर फिरवत बसू नका. बिनओझ्याची मोटर करंट फार ओढत नाही, नुसती झिजते.

दुसरा, हेडलाइटचा बल्ब. १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब टू-एस पॅकवर मंद पेटतो, पण तीन-साडेतीन अँपिअर खातो. पॅक पाऊण तासात स्टोरेजला येतो. ५ वॉटच्या चार्जरपेक्षा कितीतरी बरा. पण बल्बला अक्कल नसते, तो थांबत नाही. म्हणून बॅलन्स वायरला लावायचा छोटा व्होल्टेज अलार्म हवाच. तो ३.८ वर लावा आणि वाजेपर्यंत शेजारी बसा. बल्ब काढलात की व्होल्टेज जरा वर येतं, घाबरू नका. काच भयंकर तापते, त्यामुळे खाली फरशी किंवा धातूचा ट्रे ठेवा. सतरंजी नको.

तिसरा, स्वतंत्र डिस्चार्जर. चार-पाच पॅक असतील तर माझं मत यालाच. घेताना तीन गोष्टी बघा. एक, तो बॅलन्स वायरमधून प्रत्येक सेल वेगळा वाचतो का? नुसतं पॅकचं एकूण व्होल्टेज बघणारा नको. एक सेल ४.० आणि दुसरा ३.६ असला तरी बेरीज ७.६ च येते. दोन, थांबायचं व्होल्टेज आपल्याला ठरवता येतं का आणि तिथे तो स्वतः थांबतो का? तीन, वॉटच्या आकड्यावर भाळू नका, अँपिअरची मर्यादाही वाचा. डबीवर २०० वॉट लिहिलेलं असेल, पण करंट ५ अँपिअरच्या वर जात नसेल, तर टू-एस पॅकवर तुमच्या वाट्याला ४० वॉटच येणार. मोठा आकडा जास्त सेलच्या पॅकवाल्यांसाठी असतो. अर्थात आपल्याला ४० पुरेत. ५ अँपिअरने ५००० एमएएचचा पॅक अर्ध्या तासात अर्ध्यावर येतो, आणि सेललाही त्रास नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, तेव्हा पंखा नीट चालतो ना आणि जाळ्या मोकळ्या आहेत ना, तेही दुकानातच बघा.

"एवढं करण्यापेक्षा आधी चार्जच करू नये!" असं म्हणणारे आहेत, आणि ते बरोबर आहेत. शक्यतो ट्रॅकवर जाऊन, हीटच्या आधीच चार्ज करा. पण आपल्याकडच्या ट्रॅकवर वीज असतेच असं नाही. जनरेटर असला तरी त्याच्या एका बोर्डवर वीस जण लोंबकळतात. त्यामुळे घरून भरून न्यावं लागतं, आणि पाऊस काही आपल्याला विचारून येत नाही.

म्हणून शेवटची तक्रार ट्रॅक चालवणाऱ्यांकडे आणि कॉलेजांकडे. चार्जिंगसाठी टेबल मांडता, तर उतरवण्यासाठी एक का नाही? एक चांगला डिस्चार्जर, एक धातूचा ट्रे, एक वाळूची बादली. वर्गणी काढली तर माणशी एका वडापावाच्या पार्टीएवढीही येणार नाही. रेस रद्द झाल्याची घोषणा करता, त्याच माइकवर "पॅक स्टोरेजला आणल्याशिवाय कुणी निघू नका" एवढंही म्हणा. आणि रोबोटिक्स क्लबवाल्यांनो, परीक्षेच्या सुट्टीआधी लॉकर उघडून बघा. स्पर्धेसाठी फुल्ल केलेले पॅक तिथे अजून तसेच असतील.

माझे ते दोन पॅक? फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नसतो, टोचायचा नसतो, दाबून केसमध्ये बसवायचा तर मुळीच नसतो. मी दोन्ही पत्र्याच्या डब्यात वाळूत घालून गच्चीवर, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवले आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर देऊन आले. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकले असते, तर ते घंटागाडीतल्या मावशींच्या हातात गेले असते. बॅटरी कचऱ्याबद्दल २०२२ चे नियम आहेत, त्यात जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण बादलीपर्यंतची जबाबदारी आपलीच.

उरलेले दोन पॅक आता ३.८ वर आहेत. साड्यांखाली नाहीत. आईने कपाटाला कुलूप लावलंय.

हे वाचून झालं असेल तर उठा आणि तुमचे पॅक मोजा. मी थांबते.