बहात्तर तास कोणी ठरवले?

धाराशिव जिल्ह्यातील तरुण-तरुणी आज संगणकाच्या व व्यवस्थापनाच्या वर्गांत व्यवसायासाठीच्या माहिती-प्रणालींचा अभ्यास करीत आहेत. याचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. ते कोणाच्या हिताने चालते, हे विचारणे आपले काम आहे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत जिल्ह्यातील सोयाबीन पाण्यात गेले. नुकसान बहात्तर तासांत कळवले नाही, या सबबीवर विमा कंपनीने लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. शिवारात गुडघाभर पाणी असताना ॲपवर सूचना कोणी आणि कशी द्यायची? महसूल यंत्रणेचे पंचनामे तर सरकारदप्तरी होतेच. म्हणजे माहिती उपलब्ध होती. ती कंपनीच्या चौकटीत बसत नव्हती, एवढेच! अखेर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला.

बहात्तर तासांची अट संगणकाने घातली नव्हती. ती माणसांनी घातली होती. अर्जात कोणता रकाना असावा आणि कोणता नसावा, हे ठरविणे ही सत्ता आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा खटला अभ्यासाला लावावा. आपल्या कार्यकर्त्यांनीही या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गावोगाव तक्रारनोंदणीची केंद्रे चालवावीत आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती पोचपावती पडेल, हे पाहावे. प्रणाली चालविणारे हात आपल्या मुलांचे असतील, तर ती कोणासाठी चालावी, हे ठरविण्याचा अधिकारही त्यांनी मागितलाच पाहिजे.