बैलगाड्याला घाट आहे, मोटारीला का नसावा?

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांतील माणसाला बैलगाडा शर्यत समजावून सांगावी लागत नाही. चढावर आखलेला अरुंद मार्ग असतो, त्याला घाट म्हणतात. गाडे एकमेकांच्या अंगावर सोडले जात नाहीत, एकेक बारी सुटते. पुढे घोडी उधळते, मागून बैल येतात. निशाण पडले की घड्याळ सुरू होते आणि गाडा वर पोहोचला की थांबते. निकाल सेकंदांवर लागतो, आणि त्या सेकंदांसाठी बैलाचा मालक वर्षभर खुराकात हात आखडता घेत नाही.

आता बैलांच्या जागी मोटार कल्पून पाहावी. चढाचा बंद केलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि माथ्यावर घड्याळ. पाश्चात्त्य देशांत या खेळाला हिलक्लाइंब म्हणतात. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श येथे १९०५ साली सुरू झालेली अशी स्पर्धा आजही त्याच चढावर भरते. त्या चढाची लांबी आहे अवघी एक हजार यार्ड, म्हणजे पुरता एक किलोमीटरही नाही. ज्या खेळाला आमचे नगरवासी विचारवंत ‘परदेशी खूळ’ म्हणून नाके मुरडतात, त्याचे व्याकरण मंचर-चाकणच्या शेतकऱ्याला उपजतच अवगत आहे!

बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली. शेतकरी खचला नाही. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. आज जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यक अशा अटी पाळून घाट पुन्हा गजबजले आहेत. म्हणजे वेगाच्या खेळाला नियमांची चौकट घालून तो जनतेला परत देणे या राज्याला जमते. मग जे बैलाच्या बाबतीत जमले, ते मोटारीच्या बाबतीत का जमू नये?

प्रश्न पुण्याला विचारायचा, कारण हे शहर मोटारींवर जगते. पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज, चाकणला महिंद्रा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही वाहनसंशोधन संस्था. नाना पेठेत सुटे भाग, भोसरीत लेथ. या देशात मोटार कशी बनते, कशी तपासली जाते आणि बिघडल्यावर कोणाकडे न्यायची, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर पुण्यात मिळते. चौथा प्रश्न मात्र विचारू नये: ही मोटार पूर्ण वेगाने, कायद्याने आणि कोणाच्याही जिवाला धोका न पोहोचवता चालवायची कुठे? उत्तर आहे, चेन्नईला जा, नाही तर कोइमतूरला जा!

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि चाकणला बनणाऱ्या पोलोची शर्यतमालिका कंपनीने २०१० साली आरंभिली. ती धावली चेन्नई, कोइमतूर आणि पुढे ग्रेटर नोएडा येथे. जमीन आमची, पाणी आमचे, ट्रकांच्या रांगांत अडकणारे नाशिक रस्त्यावरील प्रवासीही आमचेच, आणि खेळ मात्र दुसऱ्यांच्या अंगणात. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आमची मुले वर्षभर रात्री जागवून स्पर्धेची मोटार तयार करतात आणि तिची परीक्षा देण्यासाठी ती ट्रकवर चढवून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतात. त्यांचा निम्मा उत्साह आणि निम्मी वर्गणी वाटेतच संपते.

तामिळनाडूने हे आकाशातून पडल्यासारखे मिळविलेले नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर त्यांनी अनेक वर्षे शर्यती भरविल्या आणि मग इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा ट्रॅक बांधला. हौशी लोकांनी, वर्गणीच्या आणि चिकाटीच्या बळावर. आमच्याकडे कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीने कार्टिंगचा ट्रॅक उभारला आणि तेथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झाल्या. कुस्तीच्या पंढरीला हे सुचले, विद्येच्या माहेरघराला नाही.

पुणे जिल्ह्यात काहीच होत नाही असे नाही. मुळशी तालुक्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकापासून ‘व्हॅली रन’ नावाने ड्रॅग शर्यती भरत आल्या. तेथे सुधारित होंडा, सुझुकी, मित्सुबिशी, निस्सान पाहायला तरुणांची झुंबड उडते. परंतु ४०२ मीटरची सरळ धाव हा खेळाचा एक तुकडा झाला. त्यात वळण नाही, चढ नाही, ब्रेक कुठे दाबावा हा विवेक नाही. शिवाय खासगी वसाहतीची धावपट्टी म्हणजे मालकाची मर्जी. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात माती पसरून दुचाकींच्या सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. लीगसाठी शासकीय क्रीडासंकुल उघडते. पदरचे पैसे खर्चून जुनी होंडा सिटी तयार करणाऱ्या सामान्य घरातील मुलासाठी ते कधी उघडेल?

जपानी मोटारींचेच एवढे वेड का, हा प्रश्न स्वदेशीचा विचार करणाऱ्या मनात येणारच, आणि तो योग्यही आहे. या पिढीच्या हाती जे आले त्यावर ती शिकली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे झेन, एस्टीम, बलेनो, आणि १९९८ साली होंडा सिटी. दीड लिटरच्या इंजिनातून शंभराहून अधिक अश्वशक्ती काढणारी सिटी व्हीटेक गॅरेजवाल्याच्या दृष्टीने पाठ्यपुस्तकच होती. पण जपान्यांनी हे इंजिन कुठून आणले? सोइचिरो होंडा यांनी १९६२ साली सुझुका येथे शर्यतीचा ट्रॅक बांधून घेतला, तेव्हा त्यांच्या कंपनीची एकही चारचाकी बाजारात नव्हती! पहिली मोटार १९६३ ची, फॉर्म्युला वनमध्ये प्रवेश १९६४ चा, आणि मेक्सिकोतील पहिला विजय १९६५ चा. आधी रणांगण आणि मग शस्त्र, असा तो क्रम. २०११ साली अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे २० किलोमीटरच्या चढावर नोबुहिरो ताजिमा यांनी दहा मिनिटांची भिंत प्रथम फोडली (९ मिनिटे ५१ सेकंद), ती सुझुकीच्या गाडीतून. एसएक्स४ हे तिचे नाव त्या काळी मारुतीच्या दुकानातही विकले जात होते. पोटातील यंत्र मात्र भलतेच होते. आपल्याला विकतात ते नाव, स्वतःपाशी ठेवतात ती विद्या. ही विद्या कारखान्याच्या माहितीपत्रकातून येत नाही, ती शर्यतीच्या खड्ड्यात हात काळे करून येते. स्वदेशी इंजिनाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी त्या खड्ड्याची सोय करावी.

जपानातही घाटरस्त्यांवर रात्री-बेरात्री चोरून मोटारी पळविणाऱ्यांची एक पिढी होऊन गेली. केइइची त्सुचिया त्यांतलाच. पण तेथे त्याला ट्रॅकचा रस्ता खुला होता आणि १९९५ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्स घेऊन त्याच्या चमूने आपल्या गटात विजय मिळविला. आमच्याकडे टेमघरच्या पुढे लवासाच्या वळणांवर रविवारी पहाटे जे चालते, त्याचा शेवट नाकाबंदीत, रुग्णालयात किंवा स्मशानात होतो. मधला रस्ताच नाही.

त्या वळणांवर गाडी फेकणाऱ्यांची पाठराखण करण्याचा येथे हेतू नाही. समोरून दुधाचे कॅन घेऊन येणारा मुळशीचा दुचाकीस्वार कोणाच्या हौसेचा भागीदार नाही. त्याच्या जिवाशी खेळणाऱ्याचा परवाना कायमचा जावा. पोलिसांनी बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तेही उत्तम केले. पण १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्यानंतर शहरात जो संताप उसळला, त्यात नेमके काय चिरडायचे याचे भान सुटले. त्या प्रकरणाचा शर्यतीशी काडीचा संबंध नव्हता. तेथे सतरा वर्षांचा मुलगा होता, मद्याचा आरोप होता, तीनशे शब्दांचा निबंध होता आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून अटक झालेले डॉक्टर होते. गुन्हा पैशाच्या मस्तीचा, आणि शिव्या खाल्ल्या वेगाने!

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत वा वेगचाचणी करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. पण त्याच कलमात एक शब्दप्रयोग आहे, जो आमचे अधिकारी वाचतच नाहीत: ‘राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून’. म्हणजे संसदेने दार बंद केलेले नाही, किल्ली मंत्रालयात ठेवली आहे. गाडीतील फेरफाराची गोष्ट अधिक कठीण आहे. कलम ५२ आणि त्यावरील जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल नोंदणीकृत वाहनात चालत नाही. तो निर्बंध रस्त्यासाठी योग्यच आहे. म्हणूनच शर्यतीची गाडी रस्त्यावरून नव्हे, ट्रेलरवरून न्यावी, तिला सुरक्षेचा पिंजरा आणि अग्निशामक यंत्र बंधनकारक असावे, आणि तिची तपासणी पुण्यातच करून मिळावी. या शहरात तपासणारे कमी आहेत काय?

‘श्रीमंतांचे चोचले’ हा आक्षेप ठरलेलाच. वीस वर्षे वापरलेली सिटी आणि भोसरीच्या लेथवर कातलेले भाग, यात श्रीमंती शोधणाऱ्याने एकदा गोल्फच्या मैदानाकडेही पाहावे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. या खेळात माणसे मरतात. चेन्नईच्या ट्रॅकवर २०२३ या एकाच वर्षात दोन स्पर्धक गेले, त्यांतील एक अवघ्या तेरा वर्षांचा. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील राष्ट्रीय रॅलीत स्पर्धेच्या मार्गावर दुचाकी आली आणि तिघांचा अंत झाला. धडकलेली गाडी होती गौरव गिल याची, ज्याची त्याच वर्षी शासनाने अर्जुन पुरस्कारासाठी निवड केली होती. हे लपवून खेळाची वकिली करणे लबाडी ठरेल. ट्रॅक झाला की रस्त्यावरचा उच्छाद आपोआप थांबेल, असे म्हणणेही भाबडेपणाचे आहे. पण स्वेच्छेने शिरस्त्राण बांधून उतरलेल्या प्रौढाने पत्करलेला धोका आणि बेसावध वाटसरूवर लादलेला धोका यांत फरक करायचा की नाही? आणि रॅलीचा मार्ग शेकडो किलोमीटरचा असतो, त्याचा प्रत्येक फाटा अडविणे दुष्कर. एक किलोमीटरच्या चढाला दोन टोके असतात. ती अडविण्यास पोलीस पाटील आणि गावातील पाच-पन्नास पोरे पुरतात. यात्रेच्या घाटावर ती दरवर्षी हेच करतात.

मागणी फार मोठी नाही. पाच किलोमीटरचा आंतरराष्ट्रीय ट्रॅक कोणी मागत नाही. ग्रेटर नोएडात तो २०११ साली झाला, तीन ग्रँड प्री झाल्या आणि मनोरंजन कराच्या वादात चौथी झालीच नाही. पुणे जिल्ह्यातील एका चढाचा एक किलोमीटर, वर्षातील दोन रविवार, ग्रामसभेचा ठराव, रुग्णवाहिका आणि कलम १८९ खालील एक लेखी संमती एवढे पुरे. चाकणच्या कारखानदारांनी फलक लावण्याचा खर्च करावा आणि औद्योगिक विकास महामंडळाने पुढल्या टप्प्यात दोन किलोमीटरच्या ट्रॅकपुरती जमीन राखून ठेवावी. अर्ज करण्यासाठी पुण्यातील हौशी मंडळींनीही आता समाजमाध्यमांवरील गाऱ्हाणी सोडून एक नोंदणीकृत संस्था स्थापावी. बैलगाडा मालकांची संघटना कशी उभी राहिली, हे विचारायला मंचर काही दूर नाही.