नुसते लिटर मोजू नका

संपादक महोदय,

दूध उत्पादन स्पर्धांतील विजेत्या गायींच्या बातम्या आपण हौसेने छापता. त्या गोपालकांचे कष्ट खरे आहेत, कौतुकही योग्यच आहे. पण त्या वेतात गायीला किती वेळा सलाईन लावली, कोणत्या सडाला दगडी झाली, पुढे ती गाभण राहिली का, हे त्या बातम्यांत कधीच नसते. दूध आणि दुखणे यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे, असे पशुवैद्यक म्हणून मला ठामपणे वाटते.

संकरित गाय व्याली की दुसऱ्या दिवशी फोन येतो, 'डॉक्टर, गाय बसलीय, उठतच नाही.' जाऊन पाहावे तर कान गार, मान बरगडीकडे वळवलेली, रवंथ बंद. हा दुग्धज्वर. लिटरभर चिकात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि गायीच्या रक्तात एका वेळी फिरते ते तीन-चार ग्रॅम. दहा लिटर चीक देणाऱ्या गायीने ते आणायचे कुठून? हाडांतून ते सुटायला वेळ लागतो, तोवर गाय आडवी होते. शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडायचे, घाई केली तर हृदय बंद पडू शकते. बहुतेकदा बाटली संपता संपता अंग थरथरते, ढेकर येते, शेण पडते आणि गाय उठते. मालक लगेच बादली घेऊन येतो, आणि दोन दिवस कास पूर्ण पिळू नका, म्हणून त्याला विनवावे लागते.

पुढचे आठवडेही धोक्याचेच. दूध झपाट्याने चढते, भूक मात्र मागे राहते. गाय अंगावरची चरबी वितळवते, ती यकृतात साठते, रक्तात कीटोन वाढतात, प्रतिकारशक्ती खचते. मग कासदाह, म्हणजेच दगडी, होतो, गर्भाशयात पू होतो, गाय माजावर येत नाही, आली तरी गाभण न राहता उलटते.

व्यवस्थापन चोख असेल तर जास्त दुधाची गायही निरोगी राहते, असे यावर सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. व्यायच्या आधीचे आणि नंतरचे तीन आठवडे सांभाळले, गोठा कोरडा ठेवला, तर पुष्कळ टळते. पण सगळा दोष गोठ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या वळूंच्या मुली जास्त दूध देतात, त्यांच्यात सरासरीने कासदाहाची प्रवृत्तीही जास्त असते, असे अनेक देशांच्या नोंदी सांगतात. नॉर्वेने हे फार लवकर ओळखले. तिथे १९७५पासून गायींच्या आजार-उपचारांची देशभर नोंद होऊ लागली आणि १९७८पासून वळू निवडताना कासदाहाचाही विचार होऊ लागला. तरीही तिथल्या गायींचे दूध वाढतच राहिले.

आपल्याकडे मात्र शेतकरी कृत्रिम रेतनाची कांडी भरताना एकच विचारतो, 'याच्या आईचं दूध किती?' तो तरी दुसरे काय विचारणार? संकलन केंद्रावर त्याला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर. एक सड कायमचा बंद पडला, प्रतिजैविक दिल्यामुळे कित्येक दिवसांचे दूध ओतून द्यावे लागले, तर तो तोटा त्याचा एकट्याचा. आणि ते दूध ओतले गेले नाही, तर औषधाचा अंश तुमच्याआमच्या घरात येतो. म्हणून शहरातल्या वाचकांनीही हा प्रश्न आपला मानावा.

गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला आता आहेच. त्या क्रमांकावर लसीकरण आणि रेतन जसे चढवले जाते, तसाच प्रत्येक कासदाह, दुग्धज्वर आणि अडकलेली वार नेमाने चढवली पाहिजे. त्या नोंदींवरून प्रत्येक वळूच्या मुलींचे आजारपण शेतकऱ्याला रेतनाआधी कळले पाहिजे. आणि दूध संघांनी फॅटइतकेच महत्त्व कासदाहात वाढणाऱ्या, दुधातील कायिक पेशींच्या संख्येला देऊन, ती कमी असलेल्या दुधाला लिटरमागे जादा भाव द्यावा. सुरुवात बल्क कूलरच्या केंद्रांपासून येत्या हंगामातच करता येईल.

आपला,
एक पशुवैद्यक, जि. सातारा