भीती वाटली म्हणजे विश्वास कमी झाला का?

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण शाळेत आपण सगळ्यांनी 'वाक्यात उपयोग करा' यापुरती पाठ केली. तिचा खरा अर्थ होस्टेलला आल्यावर कळतो. इथला ब्रह्मराक्षस दर सेमिस्टरला नवे रूप घेऊन येतो. कधी एम-थ्री, कधी एक्स्टर्नलची ओरल, कधी कॅम्पसची यादी, तर कधी फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. पीएल सुरू झाली की रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालणारी मुले वाढतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही रे, झोप येत नाहीये."

मी ख्रिस्ती आहे. गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या बोलण्यातले नगर. रविवारी सकाळी सगळा मजला झोपलेला असताना मी शर्टाला इस्त्री करून उपासनेला जातो, हे मजल्यावर सर्वांना माहीत आहे. त्यामुळे एक वाक्य मला नेहमी ऐकावे लागते, "तुझं बरं आहे बाबा, देवावर टाकून मोकळा! तुला कशाची भीती?"

मित्र हे गमतीने म्हणतात. पण हेच वाक्य मी एका युवक शिबिरात गंभीरपणे ऐकले आहे. व्यासपीठावरचे वक्ते म्हणाले की ज्याला भीती वाटते त्याचा देवावर विश्वास नाही. खरा ख्रिस्ती माणूस घाबरतच नाही. समोर बसलेल्यांत बारावीची, डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुले होती. आधीच रिझल्टच्या धास्तीने अर्धमेली! त्यांना त्या दिवशी आणखी एक भीती मिळाली: आपण घाबरतो, म्हणजे देवही आपल्यावर नाराज असणार.

मला हे अजिबात पटत नाही. मी विश्वास ठेवतो म्हणूनच पटत नाही, कारण ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे हे सांगितले जाते ते शास्त्र वेगळेच काही सांगते.

जुन्या करारातला एलीया संदेष्टा घ्या. कर्मेल डोंगरावर शेकडो खोट्या संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस. पण राणी ईजबेलचा निरोप आला, 'तुला ठार मारते', आणि हाच एलीया जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. आता देवाने काय करावे? 'तुझा विश्वास कुठे गेला?' म्हणून झापावे? तसे काही झाले नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला, परत झोपला. देवदूताने पुन्हा उठवून जेवायला लावले, कारण पुढचा प्रवास लांबचा होता. आधी जेवण, आधी झोप. त्याच्याशी बोलणे नंतर झाले, होरेब डोंगरावर, तेही वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत नाही तर मंद आवाजात. तिथे त्याला पुढचे काम मिळाले, अलीशासारखा सोबती मिळाला आणि तू एकटा उरलेला नाहीस, हेही कळले. दोन दिवस मेसला न फिरकलेल्या मुलाने ही गोष्ट जरूर वाचावी!

पेत्राचेही तसेच. पाण्यावरून चालत निघाला, वारा पाहून घाबरला, बुडू लागला, ओरडला. 'अल्पविश्वासी' हा शब्द येशू त्याला तिथेच बोलला, हे खरे. वक्ते तोच शब्द उचलतात. पण शुभवर्तमानातला क्रम पाहा. येशूने आधी हात पुढे करून त्याला धरले आणि मग विचारले. बुडणाऱ्याला काठावरून भाषण दिले नाही.

आणि स्वतः प्रभू येशू? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो अतिशय व्याकूळ झाला, हे दुःख टळावे अशी त्याने प्रार्थना केली, आणि तीन मित्रांना सांगितले की माझ्यासोबत जागे राहा. मित्र झोपले, ती गोष्ट वेगळी. पण भीती हाच अविश्वास असेल तर या रात्रीचे काय करायचे, याचे उत्तर त्या वक्त्यांनी द्यावे.

"मग 'भिऊ नको' असे बायबलमध्ये इतक्या वेळा का म्हटले आहे?" हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर साधे आहे. हे शब्द बहुतेक ठिकाणी आधीच घाबरलेल्या माणसाला सांगितलेले आहेत, आणि त्यांच्या मागेपुढे 'मी तुझ्याबरोबर आहे' असा दिलासा वारंवार येतो. लाइट गेल्यावर आई लेकराला 'भिऊ नको, मी आहे ना' म्हणते, तेव्हा ती त्याला रागावत नसते.

आता आपण इंजिनिअर लोक. लगेच विचारणार, भीती जर जातच नाही, तर विश्वासाचा उपयोग काय? आउटपुट काय? यासाठी एक घडलेली घटना सांगतो.

डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. नेतृत्व आले मार्टिन ल्यूथर किंग या तरुण पाळकाकडे. वय २६, त्याच वर्षी पीएच.डी. झालेली, घरात तान्ही मुलगी. धमक्यांचे फोन रोजचेच. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री असाच एक फोन आला आणि झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफी करून ते टेबलाशी बसले. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले आहे की भित्रा न ठरता यातून अंग कसे काढून घ्यावे, याचाच विचार ते करत होते. मग त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. देवाला सरळ सांगितले की मी घाबरलोय, माझ्यातले बळ संपलेय. त्याच टेबलाशी उभे राहण्याचे बळ आपल्याला मिळाले, असे त्यांनी नोंदवले आहे. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मुलगी घरातच होत्या, पण वाचल्या. बाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रे होती. किंग यांनी सर्वांना शांत करून घरी पाठवले. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि डिसेंबर १९५६ मध्ये न्यायालयाच्या निकालामुळे माँटगोमेरीच्या बसमधला भेदभाव संपला.

धमक्या थांबल्या का? नाही. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिस शहरात त्यांची गोळी घालून हत्या झाली. म्हणजे देवावरचा भरवसा हा विमा नव्हे. पुलावरून ट्रक जायचे तेवढे जाणारच. खांब भार कमी करत नाही, तो भार पेलतो. माझ्या लेखी विश्वासाचे काम हेच.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तरुणपणीच दुष्काळाच्या हालात गेले. उपासमार काय असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते काम हातावेगळे झाले होते.

म्हणून मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. घाबरलेल्या मुलाला 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' असे सांगून दार लावून घेऊ नका. प्रार्थना जरूर करावी, मीही करतो. मी ती 'पेपर सोपा काढ' म्हणून करत नाही, 'मी हॉलमध्ये जाऊन बसेन एवढे बळ दे' म्हणून करतो. पण एलीयाला भाकर लागली, येशूला मित्र जागे हवे होते, मग आपण कोण मोठे लागून गेलो? झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर रूममेटला उठवा, रेक्टर सरांना सांगा, समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. ताप आल्यावर आपण गोळी घेतोच ना?

आणि जे माझ्या धर्माचे नाहीत, किंवा देवच मानत नाहीत, त्यांना माझी श्रद्धा घ्या असे मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये कोणी दिसला आणि "झोप येत नाहीये" म्हणाला, तर नुसते "बरं" म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याबरोबर थोडा वेळ जागे राहा. तेवढे तर कोणत्याही धर्मात बसते!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी