पाळणा हलण्याच्या आधी

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवाची गर्दी होती. समाधीचे दर्शन घेऊन महामार्गाच्या कडेला एसटीची वाट पाहत थांबलो होतो. शेजारी एक सासूबाई आपल्या गरोदर सुनेपुढे जिलबीचा पुडा धरून बसल्या होत्या. ‘‘खाय वं माय, दोन जिवांची हायेस.’’ सून हळूच म्हणाली, ‘‘आत्याबाई, डॉक्टरनं शुगर सांगितली ना.’’ त्यावर सासूबाईंचे उत्तर तयार होते : ‘‘पोटुशीले कायची शुगर? थे म्हाताऱ्यायले होते.’’

त्या माऊलीची माया खोटी नव्हती. पण त्या पुड्यातली साखर नाळेतून पलीकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. मग बाळाचे स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करू लागते आणि हे इन्सुलिन बाळाला नको तितके वाढवते. कपाशीला युरिया जास्त झाला की झाड नुसते माजते, बोंडे धरत नाहीत, हे वऱ्हाडात कुणाला शिकवायला नको. इथेही तसेच होते. बाळ थोराड दिसते, पण हृदयाच्या कप्प्यांमधला स्नायूचा पडदा जाड झालेला असू शकतो. सुदैवाने जन्मानंतर आईकडून येणारी साखर थांबली, की ही जाडी बहुधा काही महिन्यांत ओसरते. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

घाबरण्याजोगी गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलतच नाही. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या आत बाळाचे हृदय धडधडू लागते. आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे चार कप्पे आणि मुख्य रक्तवाहिन्या यांची घडण बहुतेक पुरी होते. तेव्हा कित्येक घरांत गोड बातमी सासूच्या कानावरही गेलेली नसते! ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे आणि तो आटोक्यात नाही, तिच्या बाळाच्या हृदयात पडद्याला छिद्र राहणे किंवा रक्तवाहिन्यांची अदलाबदल होणे असे दोष या दिवसांतच शिरतात. एरवी शंभर बाळांत साधारण एकाला जन्मजात हृदयदोष असतो. अशा मातांच्या बाळांत हे प्रमाण तीन ते पाच पट भरते. म्हणजे बहुसंख्य बाळे ठणठणीतच जन्मतात, हेही तितकेच खरे. पण सातव्या महिन्यात साखर तपासून ते पहिले आठवडे परत आणता येत नाहीत.

आणि इथे आपला समाज आडवा येतो. मुलीला साखर आहे, हे लग्न जमेपर्यंत लपवायचे आणि जमल्यावर तर अधिकच लपवायचे. माझ्या नात्यातल्या एका मुलीने सासरी कळू नये म्हणून वर्षभर इन्सुलिन बंद ठेवले होते. दिवस गेले तेव्हाही ती गप्पच होती. पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी झाली आणि त्या दिवशी सारे घर हादरले. पत्रिकेत नाडी आणि गण पाहणाऱ्या आपल्या मंडळींना साखरेचा एक कागद पाहायची लाज का वाटावी? तो कागद लग्न मोडायला नकोच आहे, तयारीला हवा आहे. दिवस राहण्याआधी साखर आटोक्यात आणली आणि फॉलिक अॅसिड सुरू केले, तर धोका पुष्कळ घटतो. नवरा मुलगाही त्या वेळी डॉक्टरांसमोर बसला, तर फार बरे.

‘आमची सून तर काडीसारखी आहे, तिला कशाला साखर?’ हा दुसरा भ्रम. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळे अभ्यासली. सरासरी २.७ किलोची ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी होती, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त होती. आपल्या अंगकाठीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, तो असा.

तपासणी म्हणावी तर अगदी साधी आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रहाने मांडलेली ही पद्धत सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशीपोटी जायची गरज नाही. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला, तर गर्भारपणातला मधुमेह. पहिल्याच भेटीत ही तपासणी करावी आणि निर्दोष आली, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. आधीपासून मधुमेह असेल, तर १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी मागून घ्यावी.

‘ग्रामगीते’त ग्राम-आरोग्यावर वेगळा अध्याय आहे आणि महिलोन्नतीवरही. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत संध्याकाळच्या प्रार्थनेला बायाबापड्या जमतात. तिथेच दहा मिनिटे आशाताईंना बोलायला दिली, तर सासवा ऐकतील. सुनांना एकट्याने सांगून भागत नाही, ताट कोण वाढते, ते महत्त्वाचे.

गाडी आली, तेव्हा जिलबीचा पुडा निम्मा झाला होता. सून खिडकीशी बसली. उरलेला पुडा सासूबाईंनी पदराखाली घेतला आणि मला विचारले, ‘‘भाऊ, तुमी काय म्हनत होते, थे नाळेचं?’’ तिवसा येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.